फोन चार्ज होईना झालाय? भिंतीकडून बॅटरीकडे तपासत या

बेळगावच्या शहापुरात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेलं वाक्य म्हणजे, "दादा, चार्जच होईना झालाय, बघा की जरा." कन्नड बोलणारं गिऱ्हाईक असलं की तेच "अण्णा, चार्ज आगवल्दु" होतं. खानापूरहून रेल्वेनं येणारे, निपाणी-चिकोडीकडून बाजाराला आलेले, उद्यमबागेत शिफ्टला जाणारे, वडगाव-खासबागचे विणकर, सगळ्यांची तक्रार एकच. कारणं मात्र ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे वेगळी निघतात.

यातल्या कितीतरी फोनांना स्क्रू ड्रायव्हर लावावाच लागत नाही. तरीही माझ्याकडे येईपर्यंत लोकांनी बॅटरी बदललेली असते, कधी कधी नवा फोन घ्यायचं ठरवूनही झालेलं असतं. मला त्याचं वाईट वाटतं. दिवसभर मागावर उभं राहून मिळवलेले हजार-बाराशे रुपये नको त्या जागी गेलेले असतात. सुरुवातीच्या काळात ही चूक मीही केली आहे. एका रिक्षावाल्या मामांच्या फोनला मी बॅटरी घातली, पैसे घेतले, आणि दुसऱ्या दिवशी मामा तोच फोन घेऊन दारात उभे. दोष त्यांच्या केबलमध्ये होता. बॅटरी परत काढून पैसे दिले, पण त्या दिवसापासून मी तपासायचा क्रम कधी मोडला नाही.

तो क्रम असा. वीज भिंतीतून निघते, चार्जरमधून केबलमध्ये येते, केबलमधून फोनच्या बुडाशी असलेल्या जॅकमध्ये, तिथून आतल्या छोट्या चार्जिंग बोर्डावर, मग मुख्य बोर्डावरच्या चार्जिंग आयसीकडे, म्हणजे चार्जिंग सांभाळणाऱ्या चिपकडे, आणि सगळ्यात शेवटी बॅटरीत. (जॅकला आपल्याकडे कोणी पिन म्हणतं, कोणी पॉइंट. मी इथं जॅकच म्हणतो.) शोधही त्याच वाटेनं करायचा. भिंतीकडची टोकं तपासायला पैसे लागत नाहीत, बॅटरीकडची लागतात. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार्जर आणि केबल दोन्ही एकदम बदलले आणि फोन चालू झाला, तर दोष कशात होता हे कळत नाही आणि बिघडलेली वस्तू घरातच राहते.

आधी लक्षण नीट बघा

"चार्ज होत नाही" या एका वाक्यात निदान सात-आठ वेगवेगळे आजार असतात. तुमच्या फोनचा कोणता आहे हे आधी ठरवा.

फोन लावल्यावर काहीच होत नाही, ना चिन्ह, ना आवाज, ना कंप: भिंत, चार्जर, केबल, पूर्ण भरलेला जॅक किंवा खोलवर उतरलेली बॅटरी.

चार्जिंगचं चिन्ह येतं, पण टक्का वाढत नाही किंवा उलट कमी होतो: वीज येतेय, पण पुरेशी येत नाही. बहुतेक वेळा केबल किंवा चार्जर, कधी जॅकच्या आत गंजलेली पट्टी, कधी आयसी.

केबल वाकवून, दाबून किंवा फोनखाली पुस्तक ठेवून धरलं तरच चार्ज होतो: केबलची मान किंवा जॅक.

टाइप-सी केबल एका बाजूनं घातली तर चालते, उलटी केली तर नाही: हे लक्षण फार मोलाचं आहे, पुढे सांगतो.

ऐंशी टक्क्यांवर येऊन थांबतो: बहुधा बिघाड नाहीच.

पाण्याच्या थेंबाचं चिन्ह किंवा ओलाव्याची सूचना येते: जॅकमध्ये पाणी, घाम किंवा त्याचा राहिलेला थर.

केबल काढली तरी चार्जिंगचं चिन्ह जात नाही: जॅकमध्ये ओल किंवा आत शॉर्ट.

फोनची पाठ फुगलीय, स्क्रीनची कड उचललीय, टेबलावर ठेवला की डुलतोय, किंवा गोडसर-उग्र वास येतोय: खालचं काहीही करू नका. चार्जर काढा, फोन बंद करा, अंथरुणापासून लांब फरशीवर ठेवा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा. ही बॅटरी फुगलेली आहे.

भिंत

सॉकेटमध्ये दुसरा एखादा चार्जर किंवा झिरोचा दिवा लावून बघा. हे सांगताना मलाच संकोच वाटतो, पण एक्स्टेंशन बोर्डाचं सैल झालेलं सॉकेट हे खरंच नेहमीचं कारण आहे. पिन आत जाते, पण पकडत नाही. चार्जर घालून हलकेच हलवा. चिन्ह लुकलुकलं किंवा चुर्र असा आवाज आला तर ते सॉकेट वापरणं सोडा, कारण तिथं ठिणगी पडतेय आणि चार्जरही त्यानंच मरतो.

कमी व्होल्टेजला मात्र लोक उगाच दोष देतात. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत इनपुट १००-२४० व्होल्ट असं छापलेलं असतं. म्हणजे संध्याकाळी दिवा पिवळा पडला तरी चांगला चार्जर आपलं काम करत राहतो. त्याला मारतं ते जास्तीचं व्होल्टेज. थ्री फेज लाईनचा न्यूट्रल तुटला की घरातले २३० व्होल्ट वाढत जाऊन पार ४०० च्या जवळ पोचू शकतात. वळवाच्या वाऱ्यात झाडाची फांदी तारांवर पडल्यानंतर एकाच गल्लीतले पाच-सहा जण मेलेले चार्जर घेऊन आले की मी फोन बघायच्या आधी विचारतो, "शेजाऱ्यांचा बल्ब गेला काय ओ?" हो म्हणाले, तर नवा चार्जर त्याच भिंतीत लावू नका. आधी वायरमनला बोलवा, नाहीतर हेस्कॉमला, म्हणजे आपल्या वीज कंपनीला, १९१२ वर कळवा. शेतातल्या पंपघरात चार्जिंगला लावणाऱ्यांनी हे जास्त ध्यानात ठेवावं.

टीव्ही, कॉम्प्युटर किंवा दुचाकीच्या यूएसबीवर लावून "हळू होतोय" म्हणणारेही पुष्कळ. जुन्या पद्धतीच्या यूएसबीतून ५ व्होल्टला अर्धा अँपिअर मिळतो, म्हणजे अडीच वॉट. साधा चार्जरही १० वॉट देतो. फोनवर हॉटस्पॉट चालू असेल तर तेवढी वीज त्यातच संपते.

अर्धा तास थांबा

फोन पूर्ण उतरून बंद पडलेला असेल, विशेषतः आजीच्या कपाटात महिनाभर पडून असेल, तर चार्जर लावल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं पडदा काळाच राहू शकतो. लिथियम बॅटरीचा सेल तीन व्होल्टच्याही खाली गेला की तिच्यातलं संरक्षक सर्किट तिला तोडून ठेवतं, आणि जोडल्यावरसुद्धा फोन सुरुवातीला अगदी थोडाच करंट आत सोडतो. एकदम जोरात चार्ज करणं अशा सेलला धोक्याचं असतं. तेव्हा साध्या, चांगल्या चार्जरवर अर्धा तास लावून ठेवा आणि बटण दाबत बसू नका. प्रत्येक वेळी फोन उठायला बघतो आणि जमलेली चिमूटभर वीज खर्च करून पुन्हा झोपतो. मात्र लांब निघून जाऊ नका. अधूनमधून पाठीला हात लावून बघा. गरम लागली तर काढा.

केबल

माझ्या मते सगळ्यात जास्त गुन्हे केबलचे. तिच्या दोन्ही टोकांच्या माना बघा, जिथं वायर प्लगमध्ये शिरते तिथं. बाहेरून धड दिसली तरी आतली बारीक तार तिथंच तुटते, कारण झोपताना फोन वापरणारा माणूस तिला तिथंच वाकवतो. शेजाऱ्याची, दुसऱ्या फोनवर नीट चालणारी केबल आणून लावा. फोन चार्ज झाला तर शोध संपला. मग तुमची केबल दुसऱ्या फोनला लावा. तिथंही नाटक केलं तर ती फेकाच. "पाहुण्यांसाठी असू दे" म्हणून ठेवू नका, सहा महिन्यांनी तीच तुम्हाला परत फसवेल.

केबल सैल बसते म्हणून जॅक बदलायला आलेल्यांना मी आधी नवी केबल लावून दाखवतो. पकड धरणारे स्प्रिंग जॅकमध्ये नसतात, प्लगमध्ये असतात. मायक्रो यूएसबीत तर प्लगवरचे दोन बारीक आकडे डोळ्यांना दिसतात. झीज स्वस्त वस्तूची व्हावी, महागाच्या फोनची नाही, म्हणून हे मुद्दाम तसं केलंय. त्यामुळे नवी केबल घट्ट बसली तर जॅकला काही झालेलं नाही.

आता टाइप-सीचं ते मोलाचं लक्षण. या जॅकच्या आत मधोमध एक पातळ जीभ असते आणि तिच्या दोन्ही अंगांना बारा-बारा मिळून चोवीस पट्ट्या. वीज आणणाऱ्या पट्ट्या दोन्ही अंगांना आहेत. पण "समोर चार्जर आहे का, किती वीज देऊ शकतो" हे विचारणारी पट्टी प्रत्येक अंगाला एकेकच आहे, आणि प्लग कसा घातलाय त्यावर कोणती वापरायची ते ठरतं. म्हणून एका बाजूनं चालणारा आणि दुसऱ्या बाजूनं न चालणारा फोन तुम्हाला स्वतःहून सांगत असतो, की भिंत ठीक, चार्जर ठीक, बॅटरी ठीक, खोट फक्त जॅकच्या एका अंगात किंवा केबलच्या प्लगात आहे. केबल बदलूनही तसंच राहिलं तर जॅक साफ करायला घ्या. बॅटरीवर एक रुपयाही घालू नका.

साध्या कीपॅड फोनला, नेकबँडला किंवा टॉर्चला टाइप-सी जॅक असतो, पण नव्या फोनच्या दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलनं ते बऱ्याचदा चार्ज होत नाहीत. तो बिघाड नाही. अशा स्वस्त वस्तूंत ओळख पटवणारा दमडीचा रेझिस्टर घातलेला नसतो, आणि नवा चार्जर ओळख पटल्याशिवाय वीज सोडत नाही. जुन्या चौकोनी तोंडाची केबल लावा, काम होईल. बाबांचा फोन मेला म्हणून रडवेली झालेली एक पोरगी या एका वाक्यावर हसत घरी गेली.

चार्जर

दुसऱ्याचा चार्जर आणून लावा आणि आपला दुसऱ्याच्या फोनला लावून बघा. एवढ्यानं निकाल लागतो. चार्जर हलवल्यावर आत काही खुळखुळत असेल, प्लॅस्टिक तपकिरी पडलं असेल किंवा जळका वास येत असेल तर तो लावूनसुद्धा बघू नका.

तुमच्या फोनच्या खोक्यात ३३ किंवा ६७ वॉटचा चार्जर आला असेल आणि तुम्ही दुसऱ्या कंपनीचा तेवढ्याच वॉटचा लावला, तर फोन सावकाश चार्ज होऊ शकतो. वेगवान चार्जिंगसाठी फोन आणि चार्जर आधी आपसांत बोलून व्होल्टेज ठरवतात. भाषा जुळली नाही की दोघंही जुन्या ५ व्होल्टवर येतात. काही कंपन्यांच्या बाबतीत केबलही त्यांचीच लागते.

नवा घेताना पाठीवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, आयएसनं सुरू होणारा मानकाचा आकडा आणि आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. मोबाइलच्या चार्जरला ही नोंदणी सक्तीची आहे. बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंदणी खरी की खोटी ते कळतं. बाजारात रस्त्याकडेला ढिगात मिळणारे चार्जर मी उघडून पाहिलेत. २३० व्होल्टची बाजू आणि तुमच्या हाताकडची बाजू यांच्यात जे अंतर हवं ते त्यात नसतं. चार्जिंगला लावलेल्या फोनला हात लावल्यावर चांगलाच झटका बसत असेल, तर चार्जर बदलायला उद्यावर जाऊ नका.

जॅक: इथं थांबून बघा

आमच्या भागात माझा सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो.

गेल्या हिवाळ्यात वडगावच्या एक काकू आल्या. घरात दोन यंत्रमाग, फोन कायम कमरेच्या पिशवीत. दोन ठिकाणी त्यांना बॅटरी गेली म्हणून सांगितलेलं. मी केबल घातली. नेहमी प्लग पूर्ण बसला की हाताला बारीक टक्क जाणवतं, ते जाणवलं नाही, आणि प्लगची चकचकीत कड नखाच्या जाडीएवढी बाहेर राहिली. टॉर्च धरून भिंगातून पाहिलं तर आत काळं तोंड दिसायच्या ऐवजी करडी, सपाट भिंत. लाकडी काडीनं कडेकडेनं उचकलं, तर सुताची पिंज दाबून दाबून झालेला तिळाएवढा गठ्ठा निघाला, अगदी नमदा. त्यात जांभळ्या रेशमाचा एक तंतू होता, त्या आठवड्यात मागावर असलेल्या साडीचाच. काकूंनी तो तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला. केबल लावली, टक्क झालं, चिन्ह आलं.

प्रत्येक वेळी केबल घालताना आपणच ती पिंज आणखी आत ठासतो, त्यामुळे हळूहळू प्लग पट्ट्यांपर्यंत पोचेनासा होतो. विणकरांच्या फोनात सूत निघतं, निपाणीकडच्यांच्या फोनात तंबाखूची भुकटी, खानापूरच्या वीट-कौलांच्या भट्टीवरच्यांच्या फोनात तांबडी माती, आणि बाकी सगळ्यांच्या फोनात खिशाचा कापूस.

साफ असं करा. फोन पूर्ण बंद करा. चालू फोनात काही घातलं तर पट्ट्या आपसांत चिकटून शॉर्ट होऊ शकतो. दात कोरायची लाकडी काडी घ्या आणि टोक ब्लेडनं तासून चपटं, पातळ करा. जॅकचं तोंड खाली धरा, म्हणजे निघालेला कचरा खाली पडेल. काडी जिभेच्या वर आणि खाली, बाहेरच्या भिंतीला घासत आत न्या आणि बाहेर ओढा. आत ढकलू नका, जिभेवर जोर देऊ नका. ती जीभ मोडली की जॅक बदलण्यावाचून उपाय राहत नाही. मग मऊ, कोरड्या ब्रशनं झाडा. औषधाच्या दुकानात मिळणारा रबरी फुगा असेल तर त्यानं हवा मारा. तोंडानं फुंकू नका, फुंकरीत वाफ आणि थुंकी असते.

सुई, टाचणी, सेफ्टी पिन, सिम काढायची तार यातलं काहीही आत घालू नका. पेट्रोल, थिनर, गोडं तेल तर नाहीच. चिकट डाग असेल तर आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब ब्रशला लावून पुसा आणि अर्धा तास वाळू द्या. ते सहज न मिळालं तर कोरड्या ब्रशवरच थांबा.

उद्यमबागेत फाउंड्रीत, लेथवर किंवा ग्राइंडिंगवर काम करणाऱ्यांना मी हातानं साफ करू नका म्हणून सांगतो. फोनचा स्पीकर जॅकच्या शेजारीच असतो आणि त्यात लोहचुंबक असतं. हवेतला लोखंडाचा चुरा ते ओढून घेतं, आणि तो जॅकच्या तोंडाशी दाढीसारखा उभा राहतो. सूत वीज अडवतं, पण लोखंड वीज वाहून नेतं, म्हणजे चार्जर लावताच पट्टी पट्टीला जोडते. असा करडा-काळा चमकता चुरा दिसला तर चार्जर न लावता फोन घेऊन या. मी तो मऊ चिकट पट्टीनं आणि चुंबकानं काढतो, दहा मिनिटांचं काम आहे.

टॉर्चच्या उजेडात जॅकमध्ये हिरवट किंवा पांढरा थर, काळी पडलेली पट्टी किंवा वाकलेली जीभ दिसली तर घरचं काम तिथंच संपलं.

पाणी

जून ते सप्टेंबर जांबोटी-कणकुंबीकडची माणसं फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणतात, आणि तरी आत ओल असते. चुलीच्या उबेतून थंडगार पावसात गेलं की पिशवीच्या आतच पाणी धरतं.

ओलाव्याची सूचना आली तर चार्ज करण्याची घाई करू नका. पाण्यात वीज सोडली की वीज आणणारी पट्टी विरघळू लागते, काळी-हिरवी पडते. नुसत्या पाण्यानं जे दोन दिवसांत झालं नसतं ते चार्जर लावल्यावर काही मिनिटांत होतं. फोन बंद करा, जॅक खाली करून तळहातावर हलकेच आपटा, पंख्यासमोर उभा ठेवा. अर्ध्या तासानं सूचना गेली तर ठीक, नाहीतर पूर्ण दिवस जाऊ द्या. आपल्याकडच्या श्रावणातल्या दमट हवेत वेळ जास्तच लागतो. वायरलेस चार्जिंग असेल तर फोनची पाठ पुसून तेवढ्यापुरतं ते वापरा.

तांदळात ठेवू नका. येळ्ळूर शिवारातला बासमती कितीही चांगला असला तरी तो जॅकच्या आतलं पाणी ओढून घेत नाही. उलट त्याची पिठी आणि कण्या आत जातात. अ‍ॅपलनं तर आपल्या फोनांसाठी तांदूळ वापरू नका असं स्पष्ट सांगितलंय. चूल, हेअर ड्रायर, गाडीच्या काचेखालचं ऊनही नको. उष्णतेनं आतला गोंद सुटतो आणि वाफ आणखी आत जाते. समुद्राचं पाणी, साबणाचं पाणी किंवा सरबत सांडलं असेल तर वाळल्यावरही क्षार मागे राहतात. तो फोन वाळेपर्यंत वाट बघू नका, लगेच दुरुस्तीला द्या.

फोनच्या आतलं, पण फुकटातलं

एकदा रीस्टार्ट करा. मग फोन बंद ठेवून चार्जिंगला लावा. बंद असताना नीट चढतोय आणि चालू असताना नाही, तर एखादं अ‍ॅप वीज खातंय किंवा फोन तापतोय. नुकतं टाकलेलं अ‍ॅप काढून बघा, अपडेट आलं असेल तर घ्या.

ऐंशी टक्क्यांवर थांबत असेल तर सेटिंगमध्ये बॅटरीच्या भागात जा. बॅटरी जास्त टिकावी म्हणून ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय आता बऱ्याच फोनांत असते आणि चुकून चालू होते. काही फोन रात्रभर ८० वर थांबून तुमच्या उठायच्या वेळेच्या आधी उरलेलं भरतात. एप्रिल-मेमध्ये उसाच्या ट्रॅक्टरवर किंवा टेम्पोच्या डॅशबोर्डवर चार्जिंग आपोआप बंद पडणं हाही बिघाड नाही. साधारण ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते, म्हणून फोन स्वतःच थांबतो. कव्हर काढा, सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, आत दव धरतं.

फॅक्टरी रीसेट मी यात धरत नाही. न चार्ज होणारा फोन रीसेटनं बरा झालेला मी क्वचित पाहिलाय. लग्नाचे फोटो गेलेले मात्र पुष्कळ पाहिलेत.

बॅटरी

आता कुठं तिचा नंबर. बऱ्याच फोनांच्या बॅटऱ्या साधारण ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर मूळ ताकदीच्या ऐंशी टक्क्यांवर येतात असं धरतात. एक फेरी म्हणजे शंभर टक्के वापर, मग तो एका दिवसात होवो की तीन दिवसांत. म्हणजे रोज रिकामा होणारा असा फोन सव्वा-दीड वर्षात तिथं पोचतो. पण जुनी बॅटरी लवकर चढते आणि लवकर उतरते, तीस टक्क्यांवरून एकदम बंद पडते. "चार्जच होत नाही" हे तिचं नेहमीचं लक्षण नाही. म्हणून फोन दिवसभर चांगला चालत होता आणि एका रात्रीत चार्ज होणं थांबलं, तर बॅटरीवर शंका शेवटी घ्या.

आता थांबा आणि दुकान गाठा

दुसरी केबल, दुसरा चार्जर, दुसरं सॉकेट, साफ जॅक आणि रीस्टार्ट, एवढं करून फोन ढिम्म असेल तर तुमचं काम झालं. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीच्या अधिकृत केंद्रात जा, माझ्यासारख्याकडे नको. आम्ही उघडला की वॉरंटीचा हक्क सांगणं अवघड होतं. फुगलेली बॅटरी, गंजलेला जॅक, केबल काढूनही राहणारं चिन्ह, चार्जिंगला लावताच हाताला न धरवणारी उष्णता, यांत घरी एकही प्रयोग करू नका. व्हिडिओ बघून पाठ उचकताना पत्र्याची पट्टी बॅटरीत घुसली की ती पेट घेते, आणि ती आग साध्या आगीसारखी लगेच विझत नाही. फुगलेली बॅटरी दाबू नका, भोक पाडून हवा काढू नका, घंटागाडीत टाकू नका. दुकानात किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

दुकानात आधी यूएसबी मीटर लावून किती करंट जातोय ते बघायला सांगा. शून्य दिसलं तर बहुधा जॅक किंवा चार्जिंग बोर्ड, करंट जातोय पण टक्का वाढत नाही तर आयसी किंवा बॅटरी. बऱ्याच फोनांत जॅक वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो, तो सगळा बोर्ड बदलणं स्वस्त आणि लवकर होतं. काही फोनांत जॅक मुख्य बोर्डावरच झाळलेला असतो, तिथं हॉट एअरचं काम लागतं, ते सवयीच्या हातालाच द्या. आयसीचं काम सांगितलं तर दुसरीकडे एकदा विचारा, कारण ते महागही असतं आणि त्याची खात्रीही कमी असते. बॅटरी सुचवली तर आधी त्यांच्याकडची चालू बॅटरी तात्पुरती लावून तुमच्यासमोर चार्ज करून दाखवायला सांगा, आणि बदललेला जुना भाग मागून घ्या. एकदा उघडलेल्या फोनची पाण्यापासूनची सीलिंग पहिल्यासारखी राहत नाही, हेही धरून चाला.

फोनमध्ये पाच-दहा टक्के उरले असतील तेव्हाच फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून घ्या, सिम काढून खिशात ठेवा. आणि येताना नुसता फोन आणू नका. तुमचा रोजचा चार्जर आणि रोजची केबल, वाकडी-तिकडी असेल तशीच, बरोबर घेऊन या.